रोजच्या वापरातल्या पण कलाकृती वाटाव्यात अशा कल्पक वस्तू कुठे शोधाव्यात? खानदेशात काही बघण्यासारखं आहे का?

तुम्ही प्रश्नात तीन उदाहरणं दिली आहेत: फ्रेंच डिझायनर फिलिप स्टार्कचं तीन पायांचं लिंबू पिळायचं यंत्र, ट्रॅक्टरच्या सीटचं स्टूल आणि पालथ्या मडक्याचा दिवा. तिन्ही एकाच माळेत ओवलीत, आणि तिथेच माझी हरकत आहे.

स्टूल अस्सल आहे. इटलीच्या कास्तिल्योनी बंधूंनी १९५७ साली ते केलं, नाव मेझाद्रो. भोकं पाडलेली पत्र्याची सीट, तिच्याखाली वाकवलेली पोलादी पट्टी, जमिनीवर टेकलेलं आडवं लाकूड. बस्स. सीट शेतात जे करत होती तेच घरात करते. भार घेते, आणि पट्टी जराशी लवते म्हणून धक्का बसत नाही. स्टार्कचं यंत्र १९९० चं, नाव जुसी सालिफ. देखणं आहे, मान्य. पण बिया अडवायला जाळी नाही, रसाबरोबर त्याही पेल्यात. दहा वर्षं झाली म्हणून ते बनवणाऱ्या कंपनीनं सोन्याच्या मुलाम्याची आवृत्ती काढली, तर लिंबाच्या रसानं तो मुलामाच खराब होतो. लिंबू सोसत नाही असं लिंबाचं यंत्र मी शोभेच्या कपाटात ठेवेन, स्वयंपाकघरात नाही.

आता मडक्याचा दिवा. मी अमळनेरची. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरची पुरणपोळी (आमचा मांडा) आणि आमरस असतो. खापर म्हणजे पोळीसाठीच घडवलेलं मडकं, चुलीवर तोंड खाली आणि पाठ वर. कणीक इतकी सैल की पोळपाटावर आवरत नाही. आजी पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झेलत, फिरवत, कोपराकडे सरकवत वाढवायची, आणि शेवटी ती पातळ पोळी एका झोक्यात खापरावर टाकायची. इथे खापराची गोलाई कामाला येते. पोळी स्वतःच्या वजनानं चहूबाजूंनी खाली ओढली जाते, म्हणून सुरकुती पडत नाही. सपाट तव्यावर एवढी मोठी, एवढी पातळ पोळी टाकून बघा, गोळा होतो. आजीचं खापर वर्षानुवर्षांच्या पोळ्यांनी काळंभोर, तुळतुळीत झालेलं होतं. कुंभारानं घडवलं आणि आजीच्या हातानं ते पुरं झालं, असं मी मानते.

माझा चुलत भाऊ पुण्यात इंटिरिअर डिझायनर आहे. एका दिवाळीला तो घरी आला, माळ्यावरचं खापर त्याला फार आवडलं, आजीनं कौतुकानं ने म्हटलं. आखाजीला तो ते परत घेऊन आला. तळाला भोक पाडून त्यातून वायर घेतलेली, वर पांढऱ्या रंगात वारली चित्रं, आत पिवळा बल्ब. वारली चित्रं डहाणू-पालघरकडची, त्यांचा आमच्या चुलीशी काय संबंध ते मला आजतागायत कळलेलं नाही. घरच्यांनी फोटो काढले. आजी एवढंच म्हणाली, "हाई काय करं रे भाऊ? आते मांडा कसावर करू?" भोक बरोबर पाठीच्या मधोमध होतं, जिथे पोळी आधी टेकते तिथे. दादा म्हणाला, "आजी, याला नवं आयुष्य दिलं." आजी शेजारून खापर मागून घेऊन आली. त्या दिवशी सगळ्यात जास्त पोळ्या दादानंच खाल्ल्या.

तेव्हापासून आमचा वाद चालू आहे. त्याच्या मते वस्तू कामातून सुटली की कला होते. माझं म्हणणं, ज्या वस्तूत काम आणि रूप वेगळं काढता येत नाही तीच खरी. आणि हे काही फक्त माझं गावठी मत नाही. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याला भारत सरकारनं बोलावलं होतं. १९५८ च्या त्यांच्या अहवालात देशात पाहिलेल्या वस्तूंमध्ये सर्वांत थोर, सर्वांत सुंदर म्हणून त्यांनी लोटा निवडला. किती पाणी मावतं, कमरेवर कसा बसतो, धार कशी पडते, हाताला कसा लागतो, अशा अंगांनी त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याच अहवालातून पुढे अहमदाबादची एनआयडी, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्था, उभी राहिली. दादा डिझाइन शिकलाय, त्याला हे माझ्याआधी ठाऊक असायला हवं.

बघायचं कुठे? पुण्यात केळकर संग्रहालयात अडकित्ते आणि वज्र्या जरूर बघा. वज्री म्हणजे पाय घासायची पितळी वस्तू, खाली खरखरीत आणि वर पक्षी. तो पक्षी धरायला असतो, नुसता बघायला नाही. अहमदाबादला विशाला या उपाहारगृहाच्या आवारात भांड्यांचं संग्रहालय आहे, इकडून सुरतमार्गे जाता येतं. आणि खानदेशातच बघायचं तर मार्गशीर्षात दत्तजयंतीला शहादा तालुक्यात सारंगखेड्याची यात्रा गाठा, तापीकाठी. लोक घोडे बघायला जातात, तुम्ही घोड्यांचा साज बघा. किंवा होळीला अक्कलकुवा तालुक्यात काठी या गावी जा, नाचणाऱ्यांच्या कमरेला वाळवलेले भोपळे बांधलेले असतात. तसाच भोपळा सातपुड्यात पाणी ठेवायलाही वापरतात.

एक राहिलं. पितळी भांडं घेतलं तर कल्हईशिवाय त्यात आंबट ठेवू नका. जुना म्हणून विकला जाणारा अडकित्ता कित्येकदा नवाच असतो, सुपारी कातरून बघा मग पैसे द्या. आणि खापर आधीच तडकलेलं असेल तर त्याचा दिवा करा, माझी ना नाही. माझं भांडण चांगलं खापर फोडण्याशी आहे.

नवं खापर हवं असेल तर आखाजीच्या आधी कुंभाराकडे जा. बोटानं वाजवून बघा, आवाज बद्द आला तर घेऊ नका. चूल नसली तर मोठ्या शेगडीवरही जमतं. दादाकडे तशी शेगडी आहे, म्हणून गेल्या आखाजीला त्याला एक पाठवलं आणि फोन करून बजावलं की यात भोक पाडायचं नाही, पोळी करायची. वहिनी म्हणते, खापर अजून खोक्यातच आहे.