शेततळ्याला दोर बांधलाय का?

प्रश्न : यंदा प्लॅस्टिकचा कागद टाकून शेततळं केलं. पोरं तिकडं फिरकतात. ‘धोका’ अशी पाटी लावलीये, पुरेल ना?

उत्तर : नाही पुरायची. चार वर्षांच्या पोराला वाचता कुठं येतं? कागद ओला झाला, त्यावर शेवाळ धरलं, की पट्टीचा पोहणाराही वर येऊ शकत नाही. धरायला काही नसतं, पाय घसरत राहतो आणि माणूस दमून बुडतो. त्याला काढायला उतरलेलाही तिथंच अडकतो. एकाच घरातली दोन-तीन माणसं जातात ती अशी. म्हणून चारही बाजूंना काठावर लोखंडी खुंट्या ठोका आणि जाड नायलॉनचे दोर तळापर्यंत सोडा. दोराला हात-हात अंतरावर गाठी मारा. हवा भरलेली ट्यूब कायम पाण्यावर असू द्या. भोवती जाळीचं कुंपण हवंच, फाटकाची कडी पोरांचा हात पोचणार नाही इतकी वर. तळ्यावर एवढा खर्च केलात, तर कुंपण ‘पुढच्या हंगामात बघू’ म्हणून ठेवू नका. कोणी पडलंच तर मागोमाग उडी टाकू नका. दोर, ट्यूब, लांब बांबू, जे हाताशी असेल ते द्या.

प्रश्न : गावातल्या गावात जायला हेल्मेट कशाला? मागे बसणाऱ्यालाही लागतं का?

उत्तर : डांबर गावातलं असो की हायवेवरचं, डोक्याला सारखंच लागतं. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ मागे बसणाऱ्यालाही लागू आहे, चार वर्षांवरच्या मुलांनाही. आयएसआय मार्क (आयएस ४१५१) बघून घ्या आणि पट्टा लावा. आरशाला लटकवलेलं हेल्मेट पोलिसांनाही फसवत नाही!

प्रश्न : आई ७४ वर्षांची. दोन महिन्यांत दोनदा बाथरूममध्ये पडली. ‘जपून चाल’ म्हणून सांगतो, पण ऐकत नाही.

उत्तर : ऐकण्याचा प्रश्नच नाही हो, आईंना ओरडू नका. अपघाती इजांनी होणाऱ्या मृत्यूंत जगात रस्त्यानंतर पडण्याचाच नंबर लागतो. संडासाशेजारी आणि नळाजवळ भिंतीत पक्की दांडी बसवा; टॉवेलची दांडी भार पेलत नाही. आंघोळीला न घसरणारं स्टूल द्या, पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्री दिवा ठेवा, पायपुसणी घसरत असेल तर काढून टाका. आणि दोनदा पडल्यात, तेव्हा बीपीच्या आणि झोपेच्या गोळ्या डॉक्टरांना दाखवाच. बसून आणि उभं राहून, दोन्ही वेळा बीपी मोजायला सांगा.