दहावीचा निकाल आठवड्यावर आलाय, झोप लागत नाहीये. मार्कांना खरंच किती महत्त्व असतं?

तू प्रश्न रात्री पावणेदोनला टाकलायस, त्यावरूनच कळलं काय चाललंय ते. तू लिहिलंयस की गणित भाग दोन अवघड गेला, आई नव्वदच्या खाली ऐकायला तयार नाही, आणि मोठी माणसं एकदा म्हणतात दहावी म्हणजे आयुष्याचा पाया, एकदा म्हणतात मार्कांनी काय होतंय, मग यातलं खरं काय धरायचं.

मी शिक्षक नाही की समुपदेशक नाही. सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, पंधरा वर्षं होत आली. अकरावीचे, डिप्लोमाचे, आयटीआयचे, सीईटीचे, नीटचे, पोलीस भरतीचे, स्कॉलरशिपचे असे सगळे फॉर्म माझ्या हाताखालून जातात, त्यामुळे दहावीचे मार्क नक्की कुठे विचारतात आणि कुठे नुसते लिहून घेतात आणि पुढे बघतही नाहीत, हे मला तोंडपाठ झालंय. तेवढंच सांगतो.

आधी तुझं गणित. भाग दोनचा पेपर 40 मार्कांचा होता. भाग एकचे 40, अंतर्गतचे 20, असा मिळून 100 चा एक विषय. पास व्हायला विषयात 35 लागतात. आणि टक्के काढताना बेस्ट ऑफ फाइव्ह धरतात, म्हणजे सहा विषयांपैकी ज्यात सगळ्यात कमी पडलेत तो विषय बाजूला आणि उरलेल्या पाचांचे 500 पैकी टक्के. समज तुला बाकीच्यात 85, 88, 90, 86, 84 पडले आणि गणितात 62 च पडले, तर सहाच्या सहा धरले तर साडेब्याऐंशी टक्के होतात, पण बेस्ट ऑफ फाइव्हने 433 म्हणजे 86.60 होतात. म्हणजे जो पेपर आठवून तू रात्रीची जागतेयस तो कदाचित टक्क्यात मोजलाच जाणार नाही. हे तुला शाळेत सांगितलं असणार, पण रात्री दोन वाजता असलं काही आठवत नाही हे मला माहितीये.

आता मार्क कुठे चालतात ते. पहिली जागा अकरावी. इथे थेट चालतात, यात तुला खोटं सांगून काही उपयोग नाही. 2025 पासून अख्ख्या राज्यात अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झाले, दहा कॉलेजं पसंतीक्रमाने भरता येतात, पहिल्या पसंतीचं लागलं तर तिथेच घ्यावं लागतं, आणि यादी मार्कांवर लागते. अर्ध्या टक्क्याने कॉलेज हुकलेली पोरं मी दरवर्षी बघतो आणि त्यांचं वाईट वाटणं खोटं नसतं. डिप्लोमाला जायचं असेल तर तिथेही दहावीवरच मेरिट लागतं, सरकारी पॉलिटेक्निकला कॉम्प्युटर हवं असेल तर जास्तच लागतात. आयटीआयला पण दहावीच.

पण त्याच्या पुढचं बघ. दोन वर्षांनी तीच पोरं सीईटीचा नाहीतर नीटचा फॉर्म भरायला परत माझ्याकडेच येतात. फॉर्ममध्ये दहावीची माहिती भरून घेतात पण रँक त्या त्या परीक्षेच्या मार्कांवर. इंजिनिअरिंगला सीईटीबरोबरच बारावीला ग्रुपमध्ये, म्हणजे फिजिक्स-गणितासारख्या तीन विषयांत मिळून, 45 टक्के लागतात, राखीव गटाला 40. दहावीला 95 वाला आणि 78 वाला तिथे एकाच ओळीत उभे असतात, आणि 95 वाला मागे पडलेला मी पुष्कळदा पाहिलाय कारण दहावीच्या जोरावर त्याने अकरावी हलकी घेतली. अजून पुढे एमपीएससी, यूपीएससीला तर पदवी लागते, दहावीचे टक्के कुणी विचारत नाही.

दोन ठिकाणं मात्र अशी आहेत जिथे दहावी लांबून परत येते. कॉलेजात कॅम्पसला कंपन्या येतात तेव्हा बऱ्याच आयटी कंपन्या दहावी, बारावी, डिग्री तिन्हीकडे 60 च्या वर मागतात, पोरं त्याला सिक्स्टी थ्रूआऊट म्हणतात. म्हणजे 60 ची रेघ खरी आहे. पण 60 ची आहे, 90 ची नाहीये. आणि दुसरं पोस्टातल्या ग्रामीण डाकसेवकाची भरती, तिला परीक्षाच नसते, निवड दहावीच्या मार्कांवर. एक ताई आली होती, दोन लेकरांची आई, लग्नानंतर शिक्षण सुटलेलं, तिने माहेरून दहावीची गुणपत्रिका आणली होती, ती प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी परत कापडात गुंडाळलेली. 93 टक्के. बारा-तेरा वर्षांनी ते मार्क तिच्या कामाला आले आणि तिचं नाव यादीत लागलं. तेव्हा मार्कांनी काहीच होत नाही असं जे म्हणतात त्यांच्याशीही माझं पटत नाही. मेहनतीचे मार्क आहेत, त्यांना किंमत आहेच.

मला एवढंच म्हणायचंय की कुठला फरक मोठा आणि कुठला बारीक हे नीट बघ. नापास आणि पास यात फरक आहे. 55 आणि 62 यात आहे. 86 आणि 91 यातला फरक म्हणजे एक कॉलेज, तेही दोन वर्षांसाठी, बास. तुझ्या घरात सध्या जो ताण आहे तो या शेवटच्या फरकाचा आहे आणि तो पहिल्या फरकाएवढा मोठा करून ठेवलाय सगळ्यांनी.

2021 ची बॅच आठव. कोरोनामुळे दहावीची परीक्षाच झाली नाही, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला, 99.95 टक्के पास. तेव्हा माझ्या दुकानात किती पालक येऊन म्हणायचे या पोरांचं कसं होणार, यांच्या मार्कशीटला कोण विचारणार. ती पोरं 2023 ला बारावीला बसली, सीईटी दिल्या, ज्याच्या त्याच्या अभ्यासाप्रमाणे कॉलेजं मिळाली. डिग्रीच्या वर्षांपर्यंत पोचली ती. दहावीला परीक्षा नव्हती म्हणून अडलेला फॉर्म मी एकही भरलेला नाही.

आता आईचं. एका निकालाच्या दिवशीचं सांगतो कारण ते माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. 2025 ला निकाल 13 मे ला होता, दुपारी एकला. पावणेएकपासून दुकानात गर्दी, साइट गोल गोल फिरतीये, कुणाला सीट नंबर पाठ तर कुणी हॉलतिकीटच घरी विसरलेलं. एक मुलगी होती, शांत, एकटीच आलेली. तिचा निकाल उघडला, 84.20. ती म्हणाली काका परत टाका. परत टाकला. परत तेच. तिसऱ्यांदा तिने स्वतः नंबर टाइप केला, एकेक आकडा हॉलतिकिटावर बोट ठेवून. मग तिचा फोन वाजला, आईचा. तिने उचलला नाही, काउंटरच्या काचेवर पालथा ठेवला, आणि तो व्हायब्रेट होत होत काचेवरून सरकत सरकत दोरी बांधलेल्या पेनापर्यंत आला. बंद झाला, परत सुरू झाला. चौथ्यांदा वाजला तेव्हा ती मला म्हणाली काका तुम्ही सांगता का. मी उचलला, म्हटलं वहिनी पास झाली, चौऱ्याऐंशी पडलेत, आणि तिकडून पहिला शब्द आला, एवढेच?

स्पीकर नव्हता तरी तिला ऐकू गेलं. तोंडावरूनच कळलं. चौऱ्याऐंशी टक्के पडलेलं पोरगं, त्या वर्षी राज्यात साडेपंधरा लाखांच्या आसपास पोरं बसली होती, त्यात 94.10 टक्के पास म्हणजे शंभरातली सहा तर पासही झाली नाहीत, आणि हिला वाटतंय आपण घरी कसं जायचं. मला त्या बाईचा राग नाही आला खरं तर. तिने कुठेतरी वाचलं असणार की 211 पोरांना शंभर टक्के पडले, शेजारच्यांनी पेढे वाटले असणार, आणि भीती असते गं आईबापांना, चांगलं कॉलेज हुकलं तर डोनेशनला पैसे कुठून आणायचे ही भीती. ती तोंडातून अशी बाहेर पडते. पण तो एक शब्द आधी यायला नको होता.

म्हणून तुला सांगतो, निकालाची वाट बघू नकोस, या आठवड्यातच आईशी बोल. ती भाकरी करताना म्हण नाहीतर भाजी निवडताना म्हण, समोरासमोर बसून बोलायला जड जातं, हाताला काम असलं की सोपं जातं. एवढंच सांग की भाग दोन अवघड गेलाय, मला पंच्याऐंशीच्या आसपास वाटतायत, नव्वद नाही वाटत. चिडेल, एखादा दिवस बोलणार नाही. पण तो दिवस आत्ता जाऊ दे, निकालाच्या दुपारी नको. जे ऐकून धक्का बसायचा तो आधीच बसला की त्या दिवशी माणूस दोन शब्द बरे बोलतो. आणि थेट बोलणं जमतच नसेल तर मामा, मावशी, आत्या, ज्यांचं आई ऐकते त्यांना मध्ये घे. किंवा माझं हे उत्तरच तिला वाचायला दे.

हे मी का सांगतोय तेही लिहितो. माझा धाकटा भाऊ 2004 ला दहावीत गणितात नापास झाला. तेव्हा फेरपरीक्षा ऑक्टोबरला व्हायची म्हणजे वर्ष जायचंच, आताच्यासारखी जून-जुलैत पुरवणी परीक्षा नव्हती. आता एकदोन विषय गेले तर एटीकेटीने, म्हणजे ते विषय मागे ठेवून, अकरावीत बसता येतं, जून-जुलैत पेपर सोडवता येतो, तेव्हा तसं नव्हतं. निकाल लागल्यावर वडील चार दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. मारलं नाही, ओरडले नाहीत, फक्त बोलले नाहीत. तो माळ्यावर जाऊन झोपायचा, जेवायला आई ताट वर नेऊन द्यायची. ऑक्टोबरला सुटला, आयटीआय केलं, आता चाकणला एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन आहे, त्याचं चाललंय बरं. मध्ये एकदा त्याला विचारलं तुला गणितात किती पडले होते रे तेव्हा, तर आठवेना. पण म्हणाला दादा, ते चार दिवस आठवतात, कुठल्या दिवशी कुठली भाजी होती ते पण आठवतं. वडील वारले आता, त्यांना हे कधी कळलं नाही. मी पण तेव्हा गप्पच होतो, मला वाटायचं आपण मध्ये पडायला नको. पडायला हवं होतं.

झोपेचं म्हणशील तर, निकालाच्या तारखेच्या अफवा बघणं बंद कर. ग्रुपवर दर दोन दिवसांनी नवीन तारीख येते, बोर्ड स्वतः अधिकृत जाहीर करतं तेव्हा शाळेतनं, पेपरातनं कळतंच. मोबाईल रात्री आईच्या उशाशी ठेव. आणि रात्री छातीत धडधड होतीये, जगण्याचंच नकोसं वाटतंय असं काही मनात येत असेल, एकदा जरी आलं असेल, तर ते कुणाला तरी सांगायचंच, घरात नाही सांगता आलं तर 14416 वर फोन कर, टेलीमानस म्हणून सरकारी सेवा आहे, फुकट आहे, रात्री पण उचलतात, मराठीत बोलता येतं. तू तसं काही लिहिलेलं नाहीस पण रात्री पावणेदोनला प्रश्न विचारणाऱ्या पोरीला हे सांगितल्याशिवाय मला बरं वाटणार नाही.

निकालाच्या दिवशी हॉलतिकिटाचा फोटो मोबाईलमध्ये असू दे, सीट नंबर आणि आईचं नाव लागतं, नाव हॉलतिकिटावर जसं छापलंय अगदी तसंच टाक. एकच्या ठोक्याला साइट उघडली नाही तर घाबरू नकोस, सगळ्यांचंच तसं होतं, डिजिलॉकर या सरकारी ॲपवर पण निकाल बघता येतो. एखाद्या विषयात फारच कमी वाटले तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते, पुनर्मूल्यांकन करता येतं, पण मुदत थोडी असते म्हणून चिडण्यात आठवडा घालवायचा नाही. पास होऊनही मार्क फार कमी वाटले तर श्रेणीसुधारला परत बसता येतं, पण तुझ्यासारखीने त्यापेक्षा अकरावीचा अभ्यास धरलेला बरा असं माझं मत.

आणि शाळेतनं मूळ गुणपत्रिका हातात आली की मार्कांच्या आधी वरच्या ओळी वाच. तुझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आईचं नाव, इंग्रजी स्पेलिंग एकेक अक्षर. माझ्या दुकानात सगळ्यात जास्त झेरॉक्स कुठल्या कागदाची निघत असेल तर दहावीच्या गुणपत्रिकेची, पासपोर्टला, भरतीला, बँकेला, नावाचा पुरावा म्हणून तो कागद लागतो. तिशी-पस्तिशीची माणसं तो कागद घेऊन येतात तेव्हा टक्क्यांकडे कुणी बघत नाही, सगळे नावावर बोट ठेवून आधारशी ताडून बघतात, आणि एक अक्षर चुकलेलं असलं की शाळा, मुख्याध्यापकांचं पत्र, विभागीय मंडळ अशा चकरा सुरू होतात. आमच्याकडच्यांना तर कोल्हापूरपर्यंत जावं लागतं. चूक दिसली तर त्याच आठवड्यात शाळेत जाऊन सांग, जाताना आधार आणि जन्मदाखल्याची झेरॉक्स बरोबर ने.