नफा कागदावर, पैसा उधारीत

प्रश्न : कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री (धातूच्या ओतकामाचा कारखाना) आहे. वार्षिक विक्री सुमारे 6 कोटी रुपये असून हिशेबात नफाही दिसतो. तरी 20 तारखेचा जीएसटी आणि पुढचे पगार आले की सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे बँकेच्या खेळत्या कर्जाचे) खाते मर्यादेला टेकलेले असते. ग्राहकांचे पैसे यायला सरासरी 90 दिवस लागतात. सर्व विभागांचा खर्च सरसकट 10 टक्के कमी करावा आणि पुरवठादारांची देणी लांबवावीत, असा संचालकांचा विचार आहे. तो योग्य आहे का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दोन्ही गोष्टी करू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. 6 कोटींची विक्री म्हणजे दिवसाला साधारण 1 लाख 64 हजार रुपये. त्या हिशेबाने 90 दिवसांच्या उधारीत आपले जवळजवळ 1 कोटी 48 लाख रुपये अडकले आहेत. शिवाय बिल फाडले की पैसे आलेले नसतानाही त्यावरचा जीएसटी भरावा लागतो, आणि 90 दिवसांपुढचे येणे बहुतेक बँका ड्रॉइंग पॉवरमध्ये (सीसी खात्यातून प्रत्यक्ष उचलता येणाऱ्या रकमेत) धरत नाहीत. उधारी 60 दिवसांवर आली, तर 49 लाख रुपये मोकळे होतील आणि 11 टक्के दराने वर्षाला सुमारे 5 लाख 40 हजारांचे व्याज वाचेल. प्रशिक्षण आणि देखभाल यांना कात्री लावून एवढी रक्कम उभी राहणे कठीण आहे. उलट भट्टीचे लायनिंग (आतले अस्तर) बदलणे पुढे ढकलले आणि ते ऐन उत्पादनात गेले, तर वाचवल्यापेक्षा अधिक जाईल.

वसुलीची सुरुवात आपल्याच टेबलापासून करावी. माल ग्राहकाच्या गेटवर उतरला, पण टेस्ट सर्टिफिकेट जोडलेले नाही, जीआरएन (माल मिळाल्याची ग्राहकाकडची नोंद) झालेला नाही किंवा पिग आयर्नचा दर बदलल्यावर पीओ (ग्राहकाची खरेदीची ऑर्डर) सुधारून घेतलेली नाही, अशा किरकोळ कारणांनी बिल पडून राहते आणि आपण मात्र ग्राहक पैसे देत नाही असे म्हणत राहतो. दर सोमवारी थकीत बिलांची यादी आणि पुढच्या 13 आठवड्यांचा रोख जमाखर्च कार्यकारी संचालकांनी स्वतः पाहावा. हे काम अकाउंटंटवर सोडून चालत नाही. मोठ्या ग्राहकाला लघु उद्योगांचे पैसे वेळेत देण्याचा कायदा दाखवणे जिवावर येते हे खरे, परंतु 250 कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना ट्रेड्स (लघु उद्योगांची बिले वटवण्याच्या ऑनलाइन) मंचावर नोंदणी आता बंधनकारक आहे. ग्राहकाने तिथे बिल मान्य केले की वित्तसंस्था ते वटवते, आणि पुढे ग्राहकाने पैसे थकवले तरी त्याची वसुली आपल्याकडून होत नाही.

खर्चात हात घालायचाच असेल तर रिजेक्शनमध्ये (दोषामुळे नाकारलेल्या मालात) घालावा. रिजेक्ट कास्टिंग पुन्हा वितळवता येते, म्हणून पुष्कळ मालक त्याला तोटाच मानत नाहीत. धातू परत मिळतो, पण वीज, कोअर (साच्यातला वाळूचा गाभा), बाइंडर (वाळू घट्ट धरणारा पदार्थ) आणि मोल्डिंगची मजुरी गेली ती गेलीच. फेटलिंगनंतर (कास्टिंग घासून साफ केल्यावर) दोष सापडला तर ती मजुरीही जाते, आणि ग्राहकाकडे मशिनिंग झाल्यावर ब्लो होल (वायूमुळे राहिलेली पोकळी) निघाला तर त्या मशिनिंगची डेबिट नोटही (ग्राहकाने आपल्या येण्यातून केलेली वजावट) येते. म्हणून रिजेक्शन किलोंत न मोजता रुपयांत मोजावे आणि दोष कोणत्या टप्प्यावर सापडला तेही लिहावे. 10 टक्के कपातीचे लक्ष्य ठेवायचे असेल तर ते या आकड्यावर ठेवावे.

आता देणी लांबवण्याविषयी. आपले पॅटर्न मेकर आणि जॉबवर्कवाले बहुधा सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेले असतील. 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार त्यांचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसल्यास 15 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागते. मुदत उलटून गेलेली आणि 31 मार्चलाही थकलेली अशी रक्कम त्या वर्षीच्या प्राप्तिकरात खर्च म्हणून वजा मिळत नाही, म्हणजे न दिलेल्या पैशांवरही कर भरावा लागतो. तेव्हा पुरवठादारांचे उद्यम नोंदणी क्रमांक या महिन्यातच मागवून घ्यावेत आणि ज्यांची मुदत आधी संपते त्यांची बिले आधी चुकती करावीत.