पुली मोठी करण्याआधी

शिरोली एमआयडीसीतून एक वाचक विचारतात : भट्टीच्या ब्लोअरची हवा कमी पडते. मोटरची पुली ६ इंची, ब्लोअरची १२ इंची. मोटरला साडेसात इंची पुली टाकू का?

मोटर १४४० फेऱ्यांची धरली, तर आज ब्लोअर मिनिटाला ७२० फिरतो. मोटरच्या फेऱ्यांना तिच्या पुलीच्या व्यासाने गुणायचं आणि ब्लोअरच्या पुलीच्या व्यासाने भागायचं. साडेसात इंचीवर तो ९००, म्हणजे सव्वापट होईल. पण पंख्याला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. सव्वापट वेगाला जवळजवळ दुप्पट ताकद! मोटर आधीच भरून चालत असेल, तर ती जळणारच. क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून प्रवाह मोजणारं यंत्र) लावून अँपिअर घ्या आणि मोटरच्या नेमप्लेटवरच्या आकड्याशी ताडून बघा. अँपिअरमध्ये वाव उरला असेल तरच साडेसहा इंची टाका. त्यालाही सुमारे सव्वापट ताकद लागते. ब्लोअरचा पंखा किती फेऱ्या सोसतो तेही बनवणाऱ्याला विचारा. खरं तर त्याआधी डक्टची गळती आणि पंख्यावर बसलेली धूळ पाहा. हवा बऱ्याचदा तिथेच अडते.

पन्हाळा तालुक्यातून : हंगामात गुऱ्हाळावर उसाच्या गाड्या खोळंबतात. चरक जोरात फिरवावा का?

माझं मत, नको. रोलरमधून ऊस झरझर गेला की चिपाडात रस राहतो. रसही गेला आणि ओलं चिपाड चुलवाणात नीट पेटतही नाही. शिवाय काहील, म्हणजे रस आटवायची मोठी कढई, आपल्या वेळेनेच उकळणार. जास्तीचा रस तोवर पडून राहिला तर आंबतो आणि गूळ बिघडतो. आधी पाहा, खोळंबा चरकाशी आहे की काहिलीशी.

गिरणीवाल्या ताई, कागल : सकाळी गिरणी छान चालते, दळण वाढलं की मंदावते.

बहुधा पट्टा घसरतोय. व्ही-पट्टा खाचेच्या दोन्ही बाजूंना धरतो. तळाला टेकत असेल तर पुली किंवा पट्टा झिजलाय. गिरणी बंद करून मेन स्विच काढा, दोन्ही पुलींवरून दोरी धरून त्या एका रेषेत आहेत का बघा, मग ताण द्या. दोन-तीन पट्टे असतील तर सगळे एकदम बदला. नव्या-जुन्याची जोडी भार सारखा घेत नाही. फार ताणूही नका, बेअरिंग जातं.

बांधकामावरून : चार दोरांच्या पुलीने माल फार हळू चढतो.

मीटरभर चढवायला चार मीटर दोर ओढावा लागतो. दोन दोर केले तर दुप्पट वेग मिळेल, पण घर्षण सोडूनही १०० किलोला २५ ऐवजी ५० किलोची ओढ लागेल. दोर आणि हूक तेवढं पेलतात हे बघूनच करा.