गॅरेजमध्ये जॅक चुकीचा लावून गाडी खालून खराब होऊ नये म्हणून काय काळजी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की निपाणीहून बलेनो कोल्हापूरला टायर बदलायला नेली, घरी आणून धुताना डाव्या दारांखालची पत्र्याची पट्टी मुडपलेली दिसली, आणि फोन केल्यावर दुकानदार म्हणाला, "ते आधीचंच असणार." पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करायचं, आणि झालंय त्याचं काय करायचं, असे दोन प्रश्न आहेत तुमचे.

माझं गॅरेज नाही. बेळगावात उद्यमबागेत लेथचं छोटं शॉप आहे, हायड्रॉलिक सिलिंडरचं जॉबवर्क करतो. गॅरेजवाल्यांचे ट्रॉली जॅक सील बदलायला माझ्याकडं येतात, आणि त्यांच्याबरोबर कुणाच्या गाडीचं काय झालं तेही कानावर येतं. हायड्रॉलिक्ससाठी ओळखल्या जाणाऱ्या गावात जॅक धड लावणारी पोरं शोधावी लागतात, हा एक विनोदच.

पोरांचा दोष आहेच, पण त्यांचा हात कुठं बसलाय तेही बघा. आपल्या भागात गॅरेजचं काम शिकायचं म्हणजे बोलेरो, ट्रॅक्स, सुमो, छोटे टेम्पो. वडापच्या (शेअरिंगनं माणसं नेणाऱ्या) गाड्या सगळ्या याच. या गाड्यांना खाली दोन लांब, जाड लोखंडी चॅनेलची चासी असते आणि बॉडी वर बसवलेली असते. चासीला किंवा एक्सलला कुठंही जॅक लावा, गाडी निमूट उचलते. बलेनो, स्विफ्ट, आय-ट्वेंटी, नेक्सॉन यांना अशी वेगळी चासी नसतेच. बॉडी हाच सांगाडा. दारांखाली जो पोकळ डबा असतो, ज्याला गॅरेजात रनिंग बोर्ड म्हणतात, त्याच्या तळाशी दोन-तीन पत्रे एकावर एक ठेवून स्पॉट वेल्डिंग केलेलं असतं. तीच ती उभी पट्टी. जाडी काही मिलिमीटर. ही पट्टी सगळीकडं सारखी दणकट नसते. पुढच्या चाकाच्या थोडं मागं आणि मागच्या चाकाच्या थोडं पुढं, अशा प्रत्येक बाजूला दोनच जागा आतून जादा पत्रा देऊन मजबूत केलेल्या असतात. बहुतेक गाड्यांत तिथं पट्टीला दोन छोट्या खाचा दिसतात, काहींत प्लास्टिकवर बाणाची खूण असते. त्या दोन खाचांच्या मधे जॅक लावला तर काही होत नाही. वीतभर सरकला की पट्टी कागदासारखी मुडपते.

जागा बरोबर असूनही पट्टी दबते, ते का, हे फार जणांना माहीत नसतं. गाडीबरोबर मिळणाऱ्या कैची जॅकच्या डोक्याला मधे खाच असते. पट्टी त्या खाचेत जाते आणि वजन दोन्ही बाजूंच्या खांद्यांवर येतं. गॅरेजच्या ट्रॉली जॅकला लोखंडी वाटी असते, कडेला दात असलेली. ती चासी आणि एक्सल धरायला केलेली आहे. बाराशे किलोच्या गाडीचा एक कोपरा उचलला तरी तीनेकशे किलो त्या वाटीवर येतात, आणि ते सगळे पट्टीच्या धारेवर. पट्टी एका बाजूला कलंडणारच.

त्यात भर म्हणजे ट्रॉली जॅकचं डोकं सरळ वर जात नाही, कमानीत जातं. वर जाता जाता ते थोडं आडवंही सरकतं, म्हणून जॅकला चाकं दिलेली असतात, जॅकनं गाडीखाली आपोआप सरकावं. आता हायवेच्या कडेचं टायरचं दुकान डोळ्यासमोर आणा. खाली खडी, माती, पावसाळ्यात चिखल. जॅकची चाकं रुततात, जॅक जागचा हलत नाही, मग वाटीच पट्टीवर घसरते. पोराला वर बसून काही दिसत नाही, तो दांडा मारत राहतो. कर्रर्र आवाज आला तर "काय नाय हो, जॅकचाच आवाज" म्हणतो. म्हणून टायरचं काम असेल तर मी आधी फरशी बघतो. काँक्रीट असलेलं दुकान पन्नास रुपयांनी महाग असलं तरी तिथंच.

पट्टी मुडपणं हे नुकसानातलं किरकोळ नुकसान. खरी भीती पुढं इंजिनखाली आहे. समोरून जॅक घालायची सवय असलेला माणूस इंजिनखाली जे पहिलं हाताला लागेल तिथं वाटी टेकवतो, आणि ते बऱ्याचदा ऑइलचं चेंबर असतं. चेंबरचा तळ आणि आतली ऑइल ओढणारी जाळी यांत अंतर अगदी थोडं असतं. तळ वर दबला की जाळीचं तोंड झाकलं जातं, पंपाला ऑइल पुरत नाही. थेंबभरही गळती दिसत नाही, पण चोर्ल्याचा घाट चढताना डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागतो. तसा दिवा लागला तर गाडी तिथंच बंद करायची, पुढच्या गावापर्यंत नेऊ म्हणायचं नाही. चेंबर ॲल्युमिनियमचं असेल तर ते दबत नाही, तडकतं. याशिवाय ब्रेकचे पाइप, पेट्रोलचा पाइप, सीएनजी असेल तर त्याची नळी, हे सगळं खालूनच जातं. आणि इलेक्ट्रिक गाडीत तर फ्लोअरखाली बॅटरीच आहे, गाडीतली सगळ्यात महाग वस्तू. तिच्या पेटीला जॅक पुसटसा टेकलेलाही चालत नाही. ती गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला किंवा ज्याच्याकडं नीट लिफ्ट आहे अशाच ठिकाणी न्या.

आता उपाय. माझं मत सरळ आहे: मेकॅनिकला शिकवत बसू नका, गाडीवरच खूण करून ठेवा. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात टायर बदलण्याच्या पानावर जॅकच्या जागांचं चित्र असतं. त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. मग एका रविवारी गाडी धुऊन, वाळवून, चारही जागी पट्टीवर पांढऱ्या किंवा पिवळ्या ऑइलपेंटचा ठिपका द्या, बोटभर रुंद. वरून दिसत नाही, खाली वाकलेल्या माणसाला मात्र पटकन दिसतो. खूण दिसली की जॅक तिथंच लावायचा मोह प्रत्येकाला होतो. वाद नाही, उपदेश नाही.

दुसरं, स्वतःचा रबरी ठोकळा डिकीत ठेवा. ऑनलाइन मिळतात, पण आपल्याकडं करून घेणं सोपं आहे. जिल्ह्यात साखर कारखाने कमी नाहीत. भंगारवाल्याकडं जुन्या कन्व्हेयर बेल्टचे तुकडे मिळतात. बेल्टच्या आत कापडाचे थर असतात, त्यामुळं दाबाखाली तो साध्या रबरासारखा फाटत, पसरत नाही. दोन-तीन थर चिकटवून वाटीत बसेल एवढा गोल कापून घ्यायचा आणि मधे एक खाच पाडायची. खाचेची खोली आपल्या गाडीच्या पट्टीच्या उंचीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर जास्तच हवी. इथंच लोक चुकतात. खाच उथळ झाली तर पट्टीचं टोक तळाला टेकतं आणि सगळं वजन पुन्हा धारेवरच येतं, मग ठोकळा असून नसल्यासारखा. वजन पट्टीच्या दोन्ही बाजूंच्या सपाट पत्र्यावर यायला हवं. एक सावधगिरी: काही गाड्यांत पट्टीच्या शेजारी प्लास्टिकचं कव्हर खाली आलेलं असतं. ठोकळा रुंद झाला तर ते तडकतं. आधी वाकून बघा, मग माप घ्या.

तिसरं, जॅक लागतो ती दोन मिनिटं तिथं उभे राहा. चहा नंतर. "मेस्त्री, जरा ह्या ठिपक्यावर लावा, हा ठोकळा घ्या" एवढं गोड बोललं की कुणी नाही म्हणत नाही. पोरगं कन्नड असेल तर "इल्ली हाकरी" (इथं लावा) एवढं आपल्या सगळ्यांना येतंच. हँडब्रेक आणि गिअरकडंही तुम्हीच बघा. बहुतेक छोट्या गाड्यांत हँडब्रेक मागच्या चाकांना असतो आणि गिअर पुढच्या चाकांना धरतो. म्हणजे मागचं टोक उचलताना नुसत्या हँडब्रेकवर भरवसा ठेवला तर गाडी सरकू शकते, आणि पुढचं टोक उचलताना नुसत्या गिअरवर. दोन्ही लावा, आणि जमिनीवर राहिलेल्या चाकाला दगड किंवा लाकडी ठोकळा. कुणी गाडीखाली शिरणार असेल तर आधाराला लोखंडी स्टँड लावल्याशिवाय शिरू देऊ नका. जॅक दिसायला ठणठणीत असतो आणि आतलं सील गेलेलं असतं. माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या जॅकची तक्रार हीच, हळूहळू खाली बसतो.

सर्व्हिस सेंटरला आपल्याला आत सोडत नाहीत, तिथं वेगळी युक्ती. गाडी देण्याआधी मोबाइलवर व्हिडिओ आणि टॉर्च चालू करून तो रनिंग बोर्डखालून जमिनीवरून सरकवत न्या. दोन्ही बाजू, शिवाय पुढून चेंबर. मिनिटभराचं काम. मग ॲडव्हायझरला जॉब कार्डावर लिहायला लावा की पट्टी आणि चेंबर ठीक आहेत. त्याला लिहायला लावलं की तो आत जाऊन पोरांना सांगतो, खरा फायदा तो. टू-पोस्ट लिफ्टच्या हातांवर रबरी पॅड असतात, ते झिजून लोखंड उघडं पडलेलं पुष्कळ ठिकाणी दिसतं. दिसलं तर बोला.

तुमच्या गाडीचं म्हणाल तर, नुसती पट्टी आडवी झाली असेल आणि वरचा डबा दबला नसेल, तर घाबरण्यासारखं नाही. दार नीट लागतंय ना, दाराखालची फट पुढंमागं सारखी आहे ना, बघा. हातोडा मात्र कुणाला मारू देऊ नका, स्पॉट वेल्ड सुटतात. रुंद तोंडाच्या पकडीनं, दोन्ही बाजूंना सपाट पट्ट्या धरून, थोडी थोडी सरळ करायची. रंग तडकला असेल तिथं घासून, गंजरोधक प्रायमर, सीलर, वर अंडरकोटिंग. डब्याचं पाणी जायला पट्टीजवळ बारीक भोकं असतात, ती दबून बुजली असतील तर मोकळी करा आणि कोटिंग करताना पुन्हा बुजवू नका. खानापूर-आंबोलीकडच्या पावसात तो डबा आतून कुजायला लागला की बाहेर कळेपर्यंत उशीर झालेला असतो. हे पुढच्या पावसाळ्याच्या आत करा. आणि त्या जागेवर यापुढं जॅक नको. एकदा वाकून सरळ केलेला पत्रा दुसऱ्यांदा सहज वाकतो.

"आधीचंच असणार" याला उत्तर पत्र्यातच असतं. नवा ओरखडा असेल तर पत्रा चकचकीत किंवा प्रायमरचा करडा दिसतो. पावसाळ्यात एक-दोन दिवसांतच तो नारिंगी पडतो, जुना असेल तर तपकिरी, मातीनं भरलेला. म्हणून फोटो त्याच दिवशी. माझ्या भाच्याच्या स्विफ्टला असंच झालं होतं आणि मालक ऐकत नव्हता. आम्ही त्याच्याच जॅकच्या वाटीला खडू फासला, पुठ्ठ्यावर दाबली आणि तो पुठ्ठा रनिंग बोर्डखाली धरला. दातांमधलं अंतर आणि पत्र्यावरचे खड्डे तंतोतंत जुळले, एक तुटका दात होता त्याच्यासकट. मालकानं पुठ्ठा हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि टिंकरिंगवाल्याला फोन लावला.

विम्याच्या भानगडीत यासाठी पडू नका. 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले 1000 रुपये आपल्याच खिशातून जातात आणि वर नो-क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. मुडपलेल्या पट्टीसाठी हा सौदा तोट्याचा.

दुकानदार अजिबात बधला नाही तर, गॅरेज कोल्हापुरात आणि तुम्ही निपाणीत म्हणून अडत नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहक जिथं राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडं तक्रार करता येते. 1986 च्या जुन्या कायद्यात ही सोय नव्हती. म्हणजे तुम्हाला बेळगाव जिल्हा आयोग. घटनेपासून दोन वर्षांची मुदत, आणि दुकानाला कामाचे दिलेले पैसे 5 लाखांपर्यंत असतील तर फी नाही. बिल मात्र हवं; बिल न घेता रोख पैसे दिले असतील तर निदान यूपीआयची नोंद शोधा. त्याआधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन करून बघा. माझ्या अनुभवानं गोष्ट तिथवर जात नाही. फोटो, बिल घेऊन गर्दी नसताना, सकाळी दुकान उघडताना जा, मालकाशी एकट्याशी बोला. आणि त्यानं मान्य केलंच तर "आमच्या पोराकडून सरळ करून देतो" याला हो म्हणू नका, टिंकरिंगवाल्याचं बिल मागा.