संत्र्याच्या बुंध्यात तार रुतली, मग वरचीच बाजू का फुगली?

प्रश्न (संत्रा बागायतदार, काटोल तालुका, जि. नागपूर): अंबिया बहाराला (जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या पिकाला) आधार म्हणून दोन वर्षांपूर्वी बुंध्याला तार गुंडाळून बांबू बांधले. तार सालीत रुतली. तिच्या वर बुंधा फुगला, खाली बारीकच राहिला. गेल्या साली याच झाडांची फळं जास्त गोड होती, यंदा शेंडे वाळताहेत. खत तर मुळांना टाकतो, मग खालची बाजू फुगायला हवी होती ना? शिवाय पानांवर काळी कोळशी आलीय, तिचं काय करू?

उत्तर: भाऊ, खत म्हणजे झाडाचं जेवण नव्हे. मुळं पाणी आणि क्षार पाठवतात, ते लाकडातल्या जलवाहिन्यांतून वर चढतात. तार लाकडात शिरली नव्हती, म्हणून पानं लगेच सुकली नाहीत. स्वयंपाक पानात होतो. तिथली साखर सालीच्या आतल्या ओलसर थरातून, रसवाहिन्यांतून, फळांकडे, नव्या फुटीकडे आणि मुळांकडे जाते. तुमची तार नेमकी त्या वाटेवर बसली. खाली जाणारा रस अडला आणि वरची बाजू फुगली.

हा रस चालतो कसा, तेही गमतीचं आहे. पान रसवाहिनीत साखर भरतं. रस दाट झाला की शेजारच्या जलवाहिनीतलं पाणी तिकडे ओढलं जातं. मनुका भिजवल्यावर फुगते तसंच. दाब वाढतो. दुसऱ्या टोकाला फळ किंवा मूळ साखर काढून घेतं, तिथला दाब उतरतो आणि रस तिकडे सरकतो, तासाला साधारण अर्धा ते एक मीटर. जर्मनीचे वनस्पतिशास्त्रज्ञ अर्न्स्ट म्यूंख यांनी 1930 मध्ये हे मांडलं. वाहायला मोटार नको, भारनियमनाची भीती नाही! साखर भरायला मात्र ताकद लागते आणि पालाशही (पोटॅश) लागतं. पालाश कमी पडलं की साखर पानातच अडकते, फळ बारीक राहतं.

गेल्या सालचा गोडवा याच अडवणुकीचा. द्राक्षवाले मणी फुगवायला सालीचं बारीक वलय मुद्दाम काढतात, पण ती जखम काही आठवड्यांत भरते. तुमची तार तशीच राहिली. मुळांनी आधी साठवण खाल्ली, मग ती उपाशी मरू लागली; पाणी वर पुरेना, म्हणून यंदा शेंडे वाळताहेत.

आता तार कापा. रुतलेला तुकडा ओढू नका, साल फाटेल. जखमेवर बोर्डो मलम लावा: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. यंदाची फळं उतरवून टाका; जीव तुटेल, पण झाड वाचवायचं आहे. बुंध्याभोवतीच्या आळ्याची माती उकरून पाहा. पांढरी मुळी दिसली तर आशा आहे. सालीचा पूर्ण वेढा मेला असेल तर बुंध्याजवळ जंभेरीची (संत्र्याला खुंट म्हणून वापरतात त्या लिंबाची) दोन-तीन रोपं लावून तारेच्या वर भेट कलम करावं लागेल, म्हणजे रोपांचे शेंडे बुंध्याच्या सालीला जोडावे लागतील. आधाराचे बांबू जमिनीत रोवून फांद्या सुतळीने सैल बांधा. बुंध्याला काहीच नको.

जाता जाता, पानांवरच्या कोळशीबद्दलही तुम्ही विचारलंय. तीही याच साखरेची चोरी. काळ्या माशीची पिल्लं रसवाहिनीतला रस पितात, जास्तीचा गोड चिकटा पानावर टाकतात आणि त्यावर काळी बुरशी वाढते. नुसतं बुरशीनाशक मारून उपयोग नाही. अंडी फुटत असताना 1 टक्का निंबोळी तेल पानांच्या खालून फवारा.