एप्रिलमध्ये अचानक ठरवून एकट्याने तीन दिवस बँकॉकला जावं का? ऊन झेपेल का, आणि एकट्याने कंटाळा येतो का?

जा, नक्की जा. मी एप्रिल २०२४ च्या शेवटी गेले होते. बुधवारी रात्री तिकीट काढलं आणि शुक्रवारी पहाटे मुंबईहून विमानात. तेव्हा भारतीयांना व्हिसा माफ होता, तुम्ही आत्ताचे नियम तेवढे बघून घ्या.

आधी उन्हाचं सांगते कारण तोच खरा प्रश्न आहे. एप्रिल हा तिथला सगळ्यात गरम महिना. मी पुण्याची, मला वाटलं ऊन काय आपल्याला नवीन नाही, पण आपलं कोरडं असतं, सावलीत गेलं की बरं वाटतं, तिथे सावलीतही घाम गळतो आणि रात्रीसुद्धा हवा गार होत नाही. पहिल्या दिवशी मी दुपारी बारा ते दोन रस्त्यावर चालत होते आणि संध्याकाळी डोकं इतकं दुखलं की जेवणही गेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून सकाळी सातला बाहेर पडायचं, दुपारी छपराखाली किंवा पाण्यावर, आणि परत पाचनंतर फिरायचं असं ठरवलं, मग काही त्रास झाला नाही. ओआरएसची पाकिटं घरूनच न्या.

पाण्यावर म्हणजे बोटीत. सेन सेप नावाचा कालवा शहराच्या मधून जातो, त्यात लोकांना ऑफिसला नेणाऱ्या लांबट बोटी चालतात, तिकीट वीस बातच्या (बात म्हणजे तिथलं चलन) आसपास. कंडक्टर हेल्मेट घालून बोटीच्या बाहेरच्या कडेवरून दोरी धरून चालत तिकीट फाडतो, आणि समोरून दुसरी बोट आली की कडेला बसलेले लोक दोरी ओढून प्लास्टिकचा पडदा वर घेतात, नाहीतर ते काळं पाणी अंगावर येतं. माझ्या शेजारच्या आजींनी खुणेने मला दोरी दाखवली, मग पुढे सगळा वेळ पडदा मीच ओढत होते.

आणि छपराखाली म्हणजे राजवाडा. तिकीट ५०० बात, महाग आहे, पण आतल्या वाट फ्रा केओ देवळाभोवती छप्पर असलेली ओवरी आहे आणि तिच्या भिंतीवर अख्खं रामायण रंगवलंय, १७८ चित्रं. तिथे रामायणाला रामकियेन म्हणतात. बरेचसे ग्रुप पाचूचा बुद्ध बघतात आणि पुढे जातात, मी दोन तास ओवरीत होते. एका चित्रात पांढराशुभ्र हनुमान डोंगराएवढा होऊन रामाचा मंडप तोंडात धरून बसलाय, मला आधी कळेना, मग एकदम लक्षात आलं की ही आपली अहिरावण-महिरावणाचीच गोष्ट, आजी सांगायची ती! सोबत कोणी असतं तर एवढा वेळ थांबताच आलं नसतं. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, नाहीतर आत सोडत नाहीत. आणि बाहेर कोणी "आज राजवाडा बंद आहे, चला दुसरीकडे नेतो" म्हणालं तर ऐकू नका, सरळ गेटपर्यंत जा. मलाही एकजण भेटला होता आणि मी जवळजवळ त्याच्या टुकटुकमध्ये, म्हणजे तिकडच्या रिक्षात, बसलेच होते.

कंटाळ्याचं म्हणाल तर मला एकदाच एकटं वाटलं, पहिल्या रात्री, डोकं दुखत होतं तेव्हा. बाकी नाही. वाट फो नावाच्या देवळातला झोपलेला बुद्ध ४६ मीटर लांब आहे, त्याच्या पाठीमागच्या बाजूला १०८ वाट्या ओळीने ठेवल्यात, वीस बात देऊन सुट्ट्या नाण्यांचं भांडं घ्यायचं आणि एकेका वाटीत एकेक नाणं टाकत जायचं. सगळ्यांच्या नाण्यांचा टण टण आवाज त्या लांब दालनात सतत चालू असतो. माझी नाणी शेवटच्या चार-पाच वाट्यांना कमी पडली तर मागच्या मुलाने त्याच्यातली काढून माझ्या हातावर ठेवली.

रात्री आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात खा, एप्रिल म्हणजे तिकडेही आंब्याचाच सीझन. आणि छत्री मात्र घरूनच घेऊन जा.